दहा ते एक बैठक

आरेखकाला उद्याची रजा हवी होती. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. त्यांना डॉक्टरांची भीती वाटे, पण जावयासमोर घाबरणं त्यांना कमीपणाचं वाटे. म्हणून जावयाने शेजारी बसायचं, असं बायकोने ठरवलं होतं. साहेबांची अट एकच होती: शाळेच्या जिन्याचा नकाशा आज पुरा व्हायला हवा.

जिना आठवडाभर तिसऱ्या पायरीवर अडला होता. एक रेघ ओढावी तर मेल येई, दुसरी ओढावी तर कुणीतरी मीटिंगला बोलावी. शेवटी त्याने भीतभीतच ऑफिसच्या कॅलेंडरवर छोट्या खोलीत स्वतःची एकट्याची बैठक लावली, दहा ते एक, आणि दार लोटून घेतलं.

पायऱ्या भराभर चढू लागल्या. तेवढ्यात हिशेब बघणाऱ्या बाईंनी डोकावून, कसली बैठक म्हणून विचारलं.

"तशी काही खास नाही," आरेखक म्हणाला.

जिला आपल्याला बोलावलेलं नाही आणि जी खासही नाही, ती बैठक पगारवाढीची असणार, हे ऑफिसात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इंजिनियर आपली खुर्ची घेऊनच आला.

"आम्हाला वगळून चाललंय होय? चालू द्या. मी आपला कोपऱ्यात बसतो."

त्याच्यामागून बाई आल्या, मग उरलेलं ऑफिस आलं. आरेखकाला खरं सांगून टाकायचं होतं. पण एवढी माणसं जमल्यावर बैठक नाहीच, असं म्हणणं त्याच्या जिवावर आलं. तो मान खाली घालून रेघा ओढत राहिला. सुरुवातीची वाट पाहून कंटाळल्यावर एकेकाने आपापलं तुंबलेलं काम पुढ्यात घेतलं. मेल पाठवणारे सगळे खोलीतच असल्यामुळे मेलही येईनात.

एकच्या सुमारास जिना वरच्या मजल्याला टेकला आणि साहेब दारात आले. माना खाली घातलेलं ऑफिस त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग ही बैठक उद्यापासून रोज होईल, असं त्यांनी जाहीर केलं.

"साहेब, उद्या माझी रजा आहे," आरेखक म्हणाला.

"असं कसं चालेल? बैठक तुमची. तुम्ही नसलात तर हे सगळे बोलायला लागतील."

त्याने घरी फोन केला. बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि त्या बैठकीत तुम्ही नेमकं काय करायचं?"

"नुसतं बसायचं."

"इथंही तेवढंच करायचं होतं," ती म्हणाली.