सुनंदाबाई गोड बोलू लागल्या

सकाळच्या कॉफीच्या वेळी सुनंदाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्हाला जमत असेल तर जरा गॅस बारीक करता का?" आणि दिगंबर पतंगे यांना ठसका लागला.

ठसका लागण्यासारखंच होतं ते. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती, पण 'जमत असेल तर' हे शब्द त्या घरात कुणी ऐकले नव्हते. सुनंदाबाईंचं बोलणं कसं सुटसुटीत असे. गॅस बंद करा. पिशवी घ्या. सरका. मुलगा विजय अगदी लहान असताना त्याला आपल्या वडिलांचं नाव 'अहो उठा' आहे असं वाटत असे. दिगंबररावांचा संसार या हुकमांवर सुखानं चालला होता. आज काय करायचं हे दुसरंच कुणीतरी ठरवून देई. त्यांनी फक्त थोडं कुरकुरायचं आणि थोडा उशीर करायचा, एवढंच काम त्यांच्याकडे होतं.

त्यांनी गॅस बारीक केला आणि गुपचूप दुकानाची वाट धरली. शहराच्या गोकुलम भागात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. योग शिकायला आलेल्या परदेशी मंडळींना ढगळ सुती विजारी शिवून देण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ही मंडळी माप घेतलं तरी थँक्यू म्हणत आणि माप चुकलं तरी थँक्यूच म्हणत. 'कुड यू प्लीज' ऐकून ऐकून दिगंबररावांचे कान किटले होते. पण गिऱ्हाइकानं गोड बोलणं निराळं आणि बायकोनं गोड बोलणं निराळं. पतंग्यांच्या घरात अदबीनं बोललं जाई ते दोनच प्रकारच्या माणसांशी, पाहुण्यांशी आणि ज्यांच्याशी कायमचं बिनसलं आहे त्यांच्याशी. सुनंदाबाई आपल्या भावजयीशी कित्येक वर्षं इतक्या अदबीनं बोलत होत्या की दोघींनी एकमेकींच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं.

तेव्हा आपलं काय चुकलं हे दिगंबरराव दिवसभर शोधत राहिले. चुका पुष्कळ सापडल्या, पण त्या सगळ्या जुन्या होत्या आणि त्यांचा हिशेब त्या त्या वेळी चुकता झाला होता. शेवटी त्यांनी शेजारच्या गाळ्यात साडीला फॉल लावणाऱ्या शंभूरावांपुढे मन मोकळं केलं. शंभूराव त्यांच्याच समाजातले, कानडी मुलखात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या मराठी शिंप्यांतले, आणि लहानपणापासूनचे मित्र. त्यांनी सगळं ऐकलं, सुई बाजूला ठेवली आणि विचारलं, "भांडी आपटली काय?"

"नाही."

"मग राग नव्हे हा, दिगू. आमची आत्या जन्मभर तोंडानं आग ओकली. जायच्या आधी थोडे दिवस अशी गोड झाली, गोड झाली, की आम्ही ओळखलंच. माणसाला आतून कळतंय, अल्वा? होय की नाही?"

दिगंबररावांनी त्या दिवशी एका विजारीला दोन्ही पाय डावेच लावले.

आता खरी गोष्ट काय होती, ती वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही. विठ्ठलाच्या देवळामागच्या हॉलमध्ये दुपारी बायकांसाठी इंग्रजी बोलण्याचा वर्ग सुरू झाला होता. शिकवणाऱ्या देवश्रीबाई साताऱ्याहून आलेल्या. त्यांचे यजमान जवळच्या कडकोळच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. सुनंदाबाईंनी तिथं नाव घातलं आणि घरी अवाक्षर काढलं नाही, कारण सून अमूल्या दिवसभर कंपनीच्या कॉलवर इंग्रजीत बोले आणि विजय हसला असता. त्या नुसतं 'देवळात जाते' म्हणत. ते खोटंही नव्हतं.

त्या आठवड्यात वर्गात मोडल व्हर्ब सुरू झाले होते. कॅन, कुड, मे, माइट, मस्ट. ही क्रियापदं स्वतः काडीचं काम करत नाहीत, दुसऱ्या क्रियापदाशेजारी उभी राहून त्यानं कसं वागायचं ते ठरवतात, असं देवश्रीबाईंनी सांगितलं, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहणाऱ्या सासूची आठवण होऊन साऱ्या वर्गाला ते एकदम समजलं. घरी इंग्रजीत बोलायला कुणी नसेल तर आधी आपल्याच भाषेत सवय करा, असा गृहपाठ मिळाला. एक दिवस विनंती, एक दिवस परवानगी, एक दिवस शक्यता, असं एकेक. सुनंदाबाईंनी आयुष्यात कुठलंही काम अर्धवट केलं नव्हतं. हेही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी परवानगीचा धडा होता. "मी जरा देवळात जाऊन येऊ शकते का?" त्यांनी विचारलं. हीच बाई एकदा टी. नरसीपूरला बहिणीकडे पंधरा दिवस राहायला गेली होती आणि पोचल्यावर तिथून फोन करून 'दूध घेऊन ठेवा' एवढंच म्हणाली होती. आणि रोज देऊळ कशाला? एकादशीला सुद्धा तिचं दर्शन उभ्या उभ्या होत असे.

"जा की. मी येऊ सोडायला?"

"आलात तर फार बरं होईल."

देवळाच्या दारात तिला सोडून परत येताना दिगंबररावांना समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता.

तिसऱ्या दिवशी शक्यता निघाली. जेवताना अमूल्यानं सहज विचारलं की दिवाळीच्या चकल्यांची भाजणी कधी करायची. एरवी या प्रश्नावर तारीख, वार आणि गिरणीवाल्याला काय सांगायचं ते ठरलेलं उत्तर आलं असतं. सुनंदाबाई शांतपणे म्हणाल्या, "कदाचित करीन, कदाचित नाही करणार. पुढच्या महिन्याचं कुणी सांगावं?" आणि ताट उचलून आत गेल्या. विजयचा घास हातातच राहिला.

मग तिघांची कुजबुजत बैठक झाली. दिगंबररावांनी आत्तापर्यंतची सगळी लक्षणं सांगितली. अमूल्यानं ती फोनमध्ये घातली. थायरॉइडपासून मेंदूपर्यंत सगळं निघालं.

"अप्पा, स्वभाव असा सडन बदलला तर लगेच दाखवायचं म्हणून आहे इथं," ती म्हणाली. "सुम्ने, नुसतं बसून राहायचं नाही."

विजयनं एक थाप मारली. कंपनी आईवडिलांची सगळी तपासणी फुकट करून देते आहे, असं त्यानं आईला सांगितलं. "तुला योग्य वाटत असेल तर जाऊ," आई म्हणाली. सुई बघून गल्लीभर धावणारी बाई इतक्या सहज तयार झाली, हे एक नवंच लक्षण झालं. रिपोर्ट मात्र स्वच्छ आले. ड जीवनसत्त्व थोडं कमी होतं, बाकी हृदय तरुण मुलीसारखं आहे, असं डॉक्टर म्हणाले. विजय आणि अमूल्याला हायसं वाटलं. दिगंबररावांना वाटलं नाही. नॉर्मल म्हणजे त्यांना सापडलं नाही, एवढाच अर्थ त्यांनी काढला.

आता घरात सुनंदाबाईंची सेवा सुरू झाली. दिगंबरराव सगळ्यांच्या आधी उठून कॉफी करू लागले. ती पिण्यासारखी नसे, पण सुनंदाबाई पीत. विजय दिवे लागायच्या आत घरी येऊ लागला. अमूल्या पाय चेपायला बसू लागली. सुनंदाबाई हे सगळं आश्चर्यानं बघत आणि आणखी गोड बोलत. त्या जितक्या गोड बोलत तितकी ही तिघं घाबरत, आणि घाबरून आणखी सेवा करत.

त्यात कर्तव्याचा दिवस उजाडला. सुनंदाबाईंनी विजयला समोर बसवलं आणि एकेक शब्द तोलून म्हणाल्या, "तू अप्पांना सांभाळलंच पाहिजेस. अप्पांनी डोळे तपासून घेतलेच पाहिजेत." दिगंबरराव उठून मागच्या अंगणात गेले आणि कपडे धुवायच्या दगडापाशी उभे राहिले. त्यांना भीती वाटत होती. मीठ कुठल्या डब्यात असतं ते माहीत नाही, ही गोष्ट वेगळी. ते शोधता येईल. पण ज्या सकाळी 'उठा' म्हणणारं कुणी नसेल, त्या सकाळी उठायचं तरी कशासाठी, हे त्यांना सुचेना. ही बाई आपल्याला किती लागते, हे चाळीस वर्षांत त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी शंभूराव धापा टाकत आले. त्यांच्या मागून त्यांची बायको जयलक्ष्मी काहीच न कळल्यासारखी येत होती. शंभूरावांनी दिगंबररावांना कोपऱ्यात ओढलं. "दिगू, हिनं आज मला 'तुम्ही स्वल्प सरकाल का' म्हणून विचारलं. तुझ्याकडचं आमच्याकडं आलं रे." दोघांनी एकमेकांचे हात धरले. हे साथीचं असू शकेल, असं तोवर दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि सुनंदाबाईंची थोरली बहीण सुमित्राबाई उतरल्या. सुनंदाबाईंनी आदल्या दिवशी त्यांना फोन करून, 'तुला येता येईल का? नाही आलीस तरी चालेल,' असं म्हटलं होतं. धाकट्या बहिणीच्या तोंडून 'नाही आलीस तरी चालेल' ऐकल्यावर सुमित्राबाईंनी काय ते ओळखलं. टी. नरसीपूरहून पहिली बस पकडून त्या आल्या होत्या. हातात तिथल्या नदीसंगमाच्या पाण्याचा तांब्या होता, पदराला तुळशीची पानं बांधलेली होती. त्यांनी तांब्या खाली ठेवला, बहिणीला मिठी मारली आणि गळा काढला.

सुनंदाबाई तशाच मिठीत उभ्या राहून म्हणाल्या, "अक्का, कोण गेलं?"



"कुणी नाही," दिगंबरराव म्हणाले. "अजून."

सुनंदाबाईंनी बहिणीच्या पदराची गाठ पाहिली. तांब्या पाहिला. मग नवऱ्याच्या, मुलाच्या आणि सुनेच्या तोंडाकडे ओळीनं पाहिलं. आठवडाभराचा गोडवा त्यांच्या चेहऱ्यावरून झरकन उतरला. "काय चाललंय या घरात?" त्या कडाडल्या. "तुम्ही आधी बोला."

तो आवाज ऐकून दिगंबररावांना इतकं बरं वाटलं की त्यांनी ठसक्यापासून रिपोर्टपर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं. ते संपायच्या आत जयलक्ष्मी पोट धरून खाली बसली. "अय्यो, ते मॉडल व्हर्ब हो," ती म्हणाली. "टीचरनी होमवर्क दिलंय आम्हांला." मग तिनं वर्ग, देवश्रीबाई, कुड आणि मस्ट सगळं उलगडून सांगितलं. हे औषधानं बरं होतं का, असं शंभूरावांनी विचारलं.

मग हसण्याचा असा काही पूर आला की ज्याचं नाव ते. सुमित्राबाईंना बसच्या प्रवासानं तहान लागली होती. त्या संगमाचा तांब्या उघडून गटागटा पाणी प्यायल्या. फक्त सुनंदाबाई हसल्या नाहीत.

"दुकानात परदेशी बायका येतात, यांना माप द्यायला लाजतात," त्या म्हणाल्या. "यांचे डोळे आता पहिल्यासारखे नाहीत. मी तिथं जाऊन बसावं म्हणून शिकत होते. घरात फार गुण आला म्हणून टीचरना पण सांगितलं मी. नीट मागितलं की माणसं देतात, असं वाटलं मला." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही सगळे ही सेवा मी चालले म्हणून करत होता होय?"

विजय आपल्या फोनकडे बघू लागला.

दुपारच्या बसनं सुमित्राबाई गेल्या. घर पूर्ववत झालं. सरका, पिशवी घ्या, दिवा लावा. पण हुकूम नुसते पडत होते, त्यांत जीव नव्हता. दिगंबररावांना ते कळत होतं. संध्याकाळी ते पायरीवर बसून राहिले. तिला काहीतरी सांगायला हवं होतं, पण असलं काही बोलायची त्यांच्या जिभेला सवय नव्हती. कापड कापण्याआधी चार वेळा उलटंसुलटं करून बघावं, तसं त्यांनी ते वाक्य मनात फिरवून पाहिलं.

सुनंदाबाई दोरीवरचे वाळलेले कपडे काढून अंगणातून येत होत्या.

"सुनंदा," दिगंबरराव हळू आवाजात म्हणाले, "तुला वेळ असेल तर जरा माझ्याजवळ बसतेस का? तू नसतीस तर मला जमलं नसतं. काहीच जमलं नसतं. एवढंच सांगायचं होतं."

सुनंदाबाई जागच्या जागी थबकल्या. त्यांनी नवऱ्याकडे निरखून पाहिलं. हातातले धुतलेले कपडे तसेच मातीत टाकून त्या पुढे आल्या, त्यांच्या कपाळाला तळवा लावला, मग मानेला लावला. आणि कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडल्या, "विजय, गाडी काढ. अप्पांना बरं नाही."

खुलासा करायला एक वाक्य पुरलं असतं. पण तळवा कपाळावर परत आला होता आणि तिथून हटत नव्हता. दिगंबररावांनी डोळे मिटून घेतले.

"कदाचित," ते क्षीण आवाजात म्हणाले, "थोडी चक्कर येतेय."