गिरिजाक्का आणि फोनवरची पोरगी

"मी अमुक कंपनीतून बोलतेय" एवढं ऐकलं की जगातली सगळी माणसं फोन आपटतात. आमच्या शेजारच्या गिरिजाक्का स्टूल ओढून बसायच्या.

"बोल. गाव कुठलं तुझं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. समोरची मुलगी पाणी शुद्ध करायचं यंत्र विकत असो, क्रेडिट कार्ड असो नाहीतर महाबळेश्वरची फुकट सहल असो, गाव कळल्याशिवाय अक्का पुढे सरकत नसत. मग "जेवलीस काय?" आणि मग "हां, आता सांग काय हाय तुझं." तोपर्यंत मुलगीच विसरलेली असायची.

घेतलं मात्र त्यांनी कधी काही नाही. "आम्ही कळंब्याच्या तळ्याचं पाणी पितोय. त्याला काय धाड भरलीया?" एवढं बोलून विषय मिटायचा. पण फोन मिटायचा नाही. कारण अक्का सीमेकडच्या कापडदुकानात पंचवीस वर्षं गादीवर बसलेल्या. नवरा गेला, दुकान गेलं, मुलगी हुबळीला दिली, आणि विकायची सगळी विद्या अशी अंगात तुंबून राहिली. ती त्या फोनवरच्या पोरींना शिकवत.

"वाचून दाखवतीस व्हय गं? मधी श्वास घे की. गिऱ्हाईक काय पळून चाललंय?"

"साडेबाराला कसला फोन करतीस? त्या वक्ताला बाई भाकरीजवळ असती. चारला कर. चहा झालेला असतोय, माणूस बरं बोलतंय."

"आणि ते मॅडम म्हणायचं न्हाई. मॅडम म्हटलं की मला दवाखान्यात बसल्यागत वाटतंय. अक्का म्हण."

एकदा मुंबईचा कोणी हिंदीतून बोलू लागला, तर अक्कांनी त्याला सलग दहा मिनिटं कानडीतून उत्तरं दिली. "अय्य शिवा, बिचारं फोन ठेवना," म्हणाल्या. "चांगल्या वळणाचं हाय."

माझ्या सुट्टीच्या दिवशी हे सगळं मला ऐकू यायचं. आमच्या दोन खोल्यांमध्ये भिंत एकच होती आणि अक्कांचा आवाज भिंत मानत नसे. मी एकटा भाडेकरू. कुठे काम करतोस म्हणून विचारलं, तर "कंपनीत" एवढंच सांगायचो.

आता सांगून टाकतो. त्या पाण्याच्या यंत्राच्या कंपनीत मीच होतो. गावातच, राजारामपुरीत एका माडीवर आमचं ऑफिस होतं. सहा टेबलं, सहा फोन, सहा मुली, आणि त्यांच्यावर देखरेख करणारा मी. माझ्या टेबलावर एक जास्तीचा फोन होता. त्यावरून कुठल्याही मुलीचं बोलणं चोरून ऐकता यायचं. अक्कांचं बोलणं भिंतीतून आणि तारेतून, दोन्हीकडून ऐकलेला जगातला मी एकटाच माणूस असेन.

हातकणंगल्याहून शोभा नावाची मुलगी यायची. ऑफिसनं तिचं नाव स्नेहा ठेवलं होतं. सगळ्याच मुलींना अशी शहरी नावं दिलेली असत. अक्कांनी दुसऱ्याच फोनला ते सोलून काढलं. "हातकणंगल्याची व्हय? मग खरं नाव सांग बघू." त्यानंतर शोभा आठवड्यातून तीन-चारदा त्यांना फोन लावू लागली. विकायला नव्हे, विचारायला. काल एक बाई अशी म्हणाली, मी काय म्हणायला हवं होतं? अक्का सांगत. आणि गंमत अशी, की शोभाची विक्री वाढली. ती चारला फोन करायची, मध्ये श्वास घ्यायची, गाव विचारायची.

पण पुण्याच्या मुख्य ऑफिसचा नियम होता, एका फोनला दोन मिनिटं. त्यांच्या कागदावर एकाच नंबराला बारा-बारा मिनिटं दिसली. विचारणा आली. "ही बाई तिला शिकवते, आणि त्यानं आपला माल खपतो," एवढं एक वाक्य मी लिहायचं होतं. लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ही बाई कोण आणि तुम्हाला कसं माहीत, असं त्यांनी विचारलं असतं. उत्तर देता आलं असतं. पण मी लहानपणापासून विचारलं जाण्यालाच घाबरतो.

त्या दुपारी मी शोभाच्या मागे जाऊन उभा राहिलो. तिनं नेमका अक्कांचाच नंबर लावला होता. मला बघून ती कागद धरून घडाघडा वाचू लागली. "नमस्कार मॅडम, मी स्नेहा बोलतेय…"

"परत मॅडम?" पलीकडून आवाज फुटला. "एवढं शिकवून परत मॅडम? मी कोण गं तुझी?" आणि अक्कांनी फोन आपटला. आयुष्यात पहिल्यांदा.

आठवडाभरात मी यादीतून अक्कांचा नंबर काढला आणि कामावरून शोभाला.

अक्कांना येणारे बहुतेक फोन आमच्याच ऑफिसातले असायचे; भिंतीपलीकडे शांतता झाली. दोन महिन्यांनी अक्कांनी मला हाक मारली. "सतीश, जरा बघ की. माझा फोन मेलाय वाटतं."

मी कानाला लावला. आवाज स्वच्छ येत होता. "चांगला आहे, अक्का."

त्या स्टुलावर बसल्या. "मग माझंच चुकलं. एका पोरीवर मी लई ओरडलो रं. रागानं तिनं फोनच सोडला. का नोकरीच गेली तिची, कुणाला ठावं. झोप न्हाई मला."

मी अर्धं खरं सांगितलं. ती माझ्याच ऑफिसातली, तुमचा नंबर नियमामुळे काढावा लागला.

"आणि पोरगी? हाय न्हवं कामावर?"

"आहे," मी म्हणालो.

अक्कांचा चेहरा असा निवळला, की मला खाली बघावं लागलं. लगेच आत गेल्या, आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणून हातात दिला. "तिला दे. म्हणावं, अक्का चिडली न्हाई."

चटणी मी खाल्ली. पण आपल्याकडे डबा रिकामा परत द्यायचा नसतो. मी वाण्याकडून गुळाचा खडा आणून आत घातला. अक्का खूश. "पोरीला रीत कळत्या." पुढच्या महिन्यात पुन्हा डबा, परत देताना त्यात खडीसाखर. मग लोणचं, परत देताना बत्तासे. वर निरोपही मीच रचायचो. जरा तिखट झाली म्हणाली. बढती मिळाली. भावाचं लग्न ठरलंय, गडबडीत आहे. मुलींना खोटी नावं देणाऱ्या ऑफिसात मी काही उगाच टिकलो नव्हतो. असं वर्षभर चाललं.

एक दिवस कारळ्याची चटणी भरता भरता अक्का म्हणाल्या, "तिला भाऊ न्हाई रं. दोघी भैणीच हायत."

मी उभाच राहिलो. "कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच डब्याला. गूळ वाण्याच्या कागदासकट घातलातास. पोरीच्या जातीला असं जमंल व्हय?"

"मग डबे का देत राहिलात?"

"रोज सांजेला नुसता पाव घेऊन येतोस. दिसतंय की मला." झाकण लावलं. वर बघितलं नाही. "तूच काढलंस न्हवं तिला?"

"हो."

अक्कांनी डबा कापडात बांधला, गाठ ओढून घट्ट केली. "हा तुझा न्हवं. तिचाच. नेऊन दे."

शोभाचा पत्ता तिच्या नोकरीच्या अर्जावर होता, आणि तो अर्ज वर्षभर माझ्याच कपाटात होता. सोमवारी मी रजा टाकली आणि हातकणंगल्याची एस.टी. धरली. घर सापडायला चार वाजले.

दार तिनंच उघडलं. "अक्कांनी पाठवलाय," म्हणत मी डबा पुढे केला.