बंदच्या दिवशीचं शटर

बंदच्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर अर्ध्यावर येऊन अडकलं आणि बूटवाल्यांचं डोकं सरकलं. ते आले होते फक्त आत ठेवलेले मोर्चाचे फलक न्यायला. रस्ता एकेरी झाल्यापासून त्यांच्या बाजूला गिऱ्हाईक फिरकेनासं झालं होतं. असंच चाललं तर दुकानाला कायमचं कुलूप लागणार होतं. व्यापारी महासंघाच्या अध्यक्षांच्या उंबऱ्यावर चपला झिजवून त्यांनी हा बंद कसाबसा पदरात पाडून घेतला होता. कसाबसा म्हणायचं कारण, महापौर कोणीही होवो, पहिला हार घेऊन पळत जायचं एवढं एकच काम महासंघाला मनापासून जमत असे. आणि आज अख्ख्या बाजारात उघडं दुकान एकच होतं, बूटवाल्यांचं.

त्यात चपलेचा अंगठा तुटलेली एक बाई वाकून आत आली. कित्येक दिवसांत न आलेलं गिऱ्हाईक, तेही आजच. बूटवाले तिला हातापाया पडून बाहेर काढत होते, तेवढ्यात महासंघाचे चार दांडगे सभासद बंदवर लक्ष ठेवत तिथे पोचले. बाई निसटली.

"बंद करायला आम्हाला लावलंत आणि स्वतः धंदा करताय?" एकाने विचारलं.

"धंदा कसला डोंबलाचा? शटर अडकलंय."

"हो का? बघू."

चौघेही शटरला लोंबकळले. शटर धाडकन खाली आलं आणि बूटवाले आत राहिले. चौघांनी ते वर ओढून पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि मोर्चाला उशीर होतोय म्हणत काढता पाय घेतला.

बूटवाल्यांनी शटरच्या मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री मागच्याच गल्लीत होता, पण वेल्डिंगचं मशीन टेम्पोत आणि रस्ता एकेरी. म्हणजे पुलावरून सगळ्या गावाला वळसा घालून यायचं. यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, म्हणून बूटवाल्यांनी त्याला दोनच शिव्या दिल्या.

थोड्या वेळाने बायकोचा फोन आला.

"ऐकलंत का, तुमच्या अध्यक्षांना महापौरांनी वाहतूक समितीवर घेतलं. बंद मागे घेतलाय. सगळ्यांनी दुकानं उघडली. तुम्ही आहात कुठे?"

बूटवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी हाताला लागला तो जाडजूड बूट उचलला आणि आतून शटर बडवायला सुरुवात केली. बडवता बडवता अध्यक्ष, महापौर आणि ती समिती, सगळ्यांचा यथेच्छ उद्धार केला. बाहेर माणसं थांबू लागली. सगळा बाजार उघडा, एकच दुकान बंद आणि आत माणूस पेटलेला. महासंघ विकला गेला तरी बूटवाले हटायला तयार नाहीत, हे लोकांना सांगावं लागलं नाही. शेजारचा कापडवाला मनातून तितकाच जळत होता. त्याने आपलं शटर खाली ओढलं. मग चष्मेवाल्याने, मग भांडीवाल्याने. दुपारपर्यंत सगळा रस्ता बंद झाला आणि अध्यक्षांनी स्वतःचा फोनही बंद करून टाकला.

निवडणूक तोंडावर आलेली, त्यामुळे महापौर स्वतः धावत आले.

"तुमचं म्हणणं तरी काय आहे?" त्यांनी शटरला विचारलं.

घसा कोरडा पडला होता, घामाने अंग चिकचिकत होतं. म्हणणं एवढंच होतं की मला बाहेर काढा. पण महापौरांचा तो गुळमट आवाज कानावर पडला आणि बूटवाल्यांचा पारा पुन्हा चढला.

"तो एकेरीचा बोर्ड उपटा. समितीबिमिती काही सांगू नका. आत्ता उपटा."

"उद्या बैठक लावतो ना."

बाहेर लोकांनी गलका केला. महापौर बाजूला होऊन कोणाला तरी फोन करू लागले. तेवढ्यात सकाळपासून पुलावरच्या कोंडीत अडकलेला मिस्त्रीचा टेम्पो येऊन पोचला. मिस्त्री खाली बसला, शटरच्या फटीला तोंड लावून म्हणाला, "शेठ, पट्टी खाचेतून सुटलीय. पाच मिनिटांचं काम. उघडू ना?"

आत बूट खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सकाळपासून पहिल्यांदाच बूटवाल्यांनी आवाज खाली घेतला.

"हात लावू नकोस. खालून जरा पाणी सरकव. आणि कोणी विचारलं तर सांग, कडी आतून आहे."