सगळेच फोन धूसर

"या चष्म्यातून मला पेपरातले मथळे दिसतात, बातम्या दिसत नाहीत," निवृत्त मुख्याध्यापिका बाई काउंटरवर चष्मा ठेवत म्हणाल्या. "मथळे मला चष्म्याशिवायही दिसत होते."

डॉक्टरांनी काचा मशीनवर तपासल्या. नंबर हवा होता पावणेतीन, काचा आल्या होत्या सव्वादोनच्या. म्हणजे कारखान्याला नंबर पाठवतानाच घोळ झालेला. तो नंबर डॉक्टरांनीच स्वतःच्या हाताने फोनवर टाइप करून पाठवला होता. त्यांनी फोन काढून तो मेसेज पाहिला. फोन जरा लांब धरला, मग आणखी लांब धरला, मग हात संपला.

"ही स्क्रीन बघ," ते बायकोला म्हणाले. "साडेपाच इंच. यात सात काय आणि दोन काय, सगळे सारखेच दिसतात. या फोनने माझी अब्रू घालवली."

डॉक्टर म्हणजे काही खरे डॉक्टर नव्हेत. चष्म्याचं दुकान त्यांचं. बावीस वर्षं लोकांचे नंबर काढत आलेले. पहिल्याच वर्षी कुणीतरी त्यांना डॉक्टर म्हणालं आणि ते दुरुस्त करायला त्यांना काही सवड झाली नाही. माणसं त्यांच्या लक्षात राहायची ती नावाने नव्हे, नंबराने. समोरचा न्हावी म्हणजे उणे चार, बँकेतला शिपाई म्हणजे डावा साफ उजवा अडीच. आणि कुणी नंबर लपवायला बघितला, की ते अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "लाज चोरीची वाटावी माणसाला, चष्म्याची कसली?"

आता बोलणारा असा, वय सत्तेचाळीस, आणि फोन हातभर लांब धरल्याशिवाय दिसेना. दुसरा कुणी असता तर गुपचूप चष्मा लावून मोकळा झाला असता. पण ज्याच्या डोळ्यांवर गावाचा भरवसा, त्याचेच डोळे गेले म्हटल्यावर गिऱ्हाईक काय म्हणेल, या विचाराने डॉक्टर चष्मा लावायचं टाळत होते.

"अहो, एकदा तपासून घ्या ना," बायको म्हणाली. ती त्याच दुकानात फ्रेमा दाखवायची. "घरचंच दुकान आहे."

"मागच्याच महिन्यात तपासले. वाचायचं कार्ड आण." बायको कार्ड घेऊन आली, तसे डॉक्टर सुरू झाले. "'विहिरीच्या काठावर एक जुने झाड होते. त्यावर दोन पक्षी राहत.' शेवटची ओळ ऐक, सगळ्यात बारीक. 'वाटसरू सावलीत बसून शिदोरी सोडतात.' एक अक्षर चुकलं का?"

"नाही," बायको म्हणाली. "पण कार्ड अजून माझ्या हातात आहे."

डॉक्टरांनी तो विषय तिथेच संपवला आणि मेहुण्याला फोन लावला.

मेहुणा म्हणजे या कामातला दर्दी. स्वतः फोन घेताना त्याने सहा महिने तुलना केली होती, आणि तेवढ्यात दोन्ही मॉडेलं बंद पडली होती. भावोजींना फोन घ्यायचाय म्हटल्यावर तो जेवण टाकून आला. येताना मोठा तक्ता घेऊन आला. डावीकडे 'छोटा', सहा पॉइंट एक इंच. उजवीकडे 'मोठा', सहा पॉइंट आठ. खाली रॅम, स्टोरेज, प्रोसेसर, बॅटरी, कॅमेरा, सॉफ्टवेअर, अशा एकोणीस ओळी. डॉक्टरांनी तक्ता हातात घेतला, गंभीरपणे वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि म्हणाले, "तूच वाच. तुझं अक्षर घाण आहे." तक्ता छापलेला होता.

फोनच्या दुकानात काउंटरवर नेमक्या दीडवाल्या बाई होत्या. सहा महिन्यांपूर्वी त्या भर दुपारी, गर्दी नसताना डॉक्टरांकडे आल्या होत्या. दुकानात बाकीची सगळी पोरंपोरी विशीतली, आपल्याला चाळिशी लागली हे कळलं तर काउंटरवरून काढून मागे गोदामात टाकतील, तेव्हा जरा हळू बोला, असं त्यांनी विनवलं होतं. त्यावर डॉक्टरांनी चोरीचं ते वाक्य ऐकवून आतल्या बायकोला हाक मारली होती, "बाईंना दीड लागलाय, वाचायचा." बाहेर बाकावर चार माणसं होती.

"या डॉक्टर," बाई म्हणाल्या आणि दोन्ही फोन समोर ठेवले.

"भावोजी, छोट्याचा प्रोसेसर बघा. आठ कोअर," मेहुण्याने सुरुवात केली.

"आठ जण कामाला लावून अक्षर दिसत नसेल तर काय उपयोग?"

"आणि सॉफ्टवेअरला पाच वर्षं अपडेट मिळतात."

"म्हणजे पाच वर्षं हे दुरुस्तच करत बसणार." डॉक्टरांनी छोटा ठेवून मोठा उचलला. मोठ्याची अक्षरंही तशीच, पावसात भिजलेल्या पेपरासारखी. त्यांनी फोन तिरका केला, काच शर्टाला पुसली. "बाई, हा पीस धूसर आहे."

"अक्षरं मोठी करून देऊ का? सेटिंगमध्ये होतं ते."

"मोठी अक्षरं म्हाताऱ्यांना लागतात. मला दुसरा पीस दाखवा."

बाईंनी दुसरा पीस काढला. तोही धूसर. मग डॉक्टर म्हणाले की हे नमुन्याचे फोन दिवसभर लोकांच्या हाताळणीने खराब झालेले असतात, सीलबंद खोकं उघडा. बाई कां कूं करायला लागल्या, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मला शिकवू नका. माझा धंदाच दिसण्याचा आहे." बाईंनी खोकं उघडलं. मग दुसरं, मग तिसरं. मेहुणा तक्त्यात एकेका पिसापुढे 'धूसर' असं लिहीत होता. त्याला स्वतःला सगळे फोन स्वच्छ दिसत होते, पण भावोजींसारखी तयार नजर आपल्याला नाही, असं समजून तो गप्प राहिला.

बाजूच्या काउंटरवर एक नवरा-बायको मोठा फोन घेत होते. नवऱ्याने पाकीट काढलेलं. बायकोने त्याचा हात धरला. "थांबा जरा. चष्म्याचे डॉक्टर काय म्हणतायत ऐका. स्क्रीनमध्येच खोट आहे म्हणे." नवऱ्याने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि म्हणाला, "हो, वाटते खरी." संशय एकदा शिरला की कुणाला काय दिसेल सांगता येत नाही. ते दोघं निघून गेले. मागे रांगेत उभे असलेले आणखी दोघं गेले. जाताना डॉक्टरांचे आभार मानून गेले.

डॉक्टरांना त्या आभारांनी जरा फुगल्यासारखं झालं. एवढ्यात आतल्या काचेच्या खोलीतून मॅनेजर बाहेर आला. पन्नाशीचा, टाय लावलेला, घाईत. त्याने उघडलेली तीन खोकी पाहिली आणि डॉक्टरांना सोडून बाईंनाच धरलं.

"न विचारता तीन सीलं तोडलीत? माल सदोष निघाला तर आधी मला सांगायचं की चारचौघांत उघडून दाखवायचा? गिऱ्हाईक गेलं ते वेगळंच. आता हे पीस परत जाणार ते तुमच्या नावावर. तुमचं पुढे काय करायचं ते संध्याकाळी बोलू."

डॉक्टरांच्या मनात आलं, आपण जरा जास्तच ताणलं का. पण माघार घ्यायची म्हणजे कारण सांगायला हवं, आणि कारण एकच होतं.

"साहेब, तुमची तक्रार रीतसर घेतो," मॅनेजर वही उघडत म्हणाला. "खोक्यावरचा पंधरा आकडी नंबर तक्रार करणाऱ्याने स्वतः वाचायचा, असा नियम आहे. मी पडताळून बघतो."

डॉक्टरांनी खोकं हातात घेतलं. खोक्याच्या कडेला मुंग्यांची एक रांग गेल्यासारखं काहीतरी होतं. त्यांनी हात लांब केला. "तू वाच रे," ते मेहुण्याला म्हणाले.

"नाही, तुम्हीच," मॅनेजर म्हणाला.

बावीस वर्षं आकडे वाचायला लावणाऱ्या माणसावर आकडा वाचायची वेळ आली होती, आणि सगळं दुकान बघत होतं. डॉक्टरांनी घसा साफ केला आणि मनाला येतील ते आकडे सांगायला सुरुवात केली. आठ, सहा, तीन, शून्य. पंधरा व्हावेत म्हणून ते खिशातल्या खिशात बोटं मोजत होते. पंधरावा आकडा सांगून ते थांबले.

मॅनेजरने खोकं हातात घेतलं, नजर फिरवली आणि म्हणाला, "बरोबर."

डॉक्टर थक्क झाले. आपल्याला कदाचित अजून बरंच दिसत असावं, अशी त्यांना एक क्षण आशाही वाटली.

काउंटरपलीकडे बाईंनी चष्मा काढून ठेवला आणि ओढणीने डोळे पुसले. समोर चष्मा दिसला की डॉक्टरांचा हात आपोआप जायचा. त्यांनी तो उचलला, दांडी जरा सैल वाटली म्हणून नेहमीच्या सवयीने स्वतःच्या नाकावर ठेवून बघितली, आणि मान खाली घातली.

मोठ्या फोनवरचं अक्षर न् अक्षर समोर उभं होतं. काना, मात्रा, अनुस्वारसुद्धा. छोट्यावरचंही तसंच. तिन्ही पीस लखलखीत. खोक्यावरच्या मुंग्यांचे आकडे झाले होते, आणि त्यांतला एकही त्यांनी सांगितलेल्या आकड्यांशी जुळत नव्हता. शेजारी मॅनेजरची वही उघडी होती. तिच्यात 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात बाईंचं पूर्ण नाव लिहिलेलं होतं. सहा महिन्यांत डॉक्टरांनी ते नाव पहिल्यांदा वाचलं. डाव्या काचेवर ओला डाग होता.

त्यांनी घाईघाईने चष्मा काढला. "हा पीस तसा बरा आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "हा घेतो मी. तक्रार राहू द्या."

"हा बरा म्हणजे बाकीचे खराबच," मॅनेजर लिहीत म्हणाला. "बाई, ऐकलंत ना?"

डॉक्टरांना आपलीच किळस आली. एवढी साधी गोष्ट, एक वाक्य, आणि ते तोंडातून निघेना. आजवर किती जणांना त्यांनी खुर्चीत बसवून हेच वाक्य बोलायला लावलं होतं. म्हातारे आजोबा बोलले होते, लग्न ठरलेल्या मुली बोलल्या होत्या, या बाई बोलल्या होत्या.

"फोन सगळे चांगले आहेत," ते म्हणाले. "मला दिसत नाही."

मॅनेजरचं पेन थांबलं.

"मला जवळचं दिसत नाही. वर्ष होत आलं. दीड नंबर असेल. तो पंधरा आकडी नंबर मी मनानेच ठोकला. बाईंची काही चूक नाही, त्या नको म्हणत होत्या. त्यांचं नाव खोडा आणि तिथे माझं लिहा."

दुकानात कुणी हसलं नाही, आणि त्याचीच डॉक्टरांना जास्त लाज वाटली. मेहुण्याने तक्त्यातले 'धूसर' एकेक करून खोडले. मॅनेजर का कोण जाणे, लालबुंद झाला होता. त्याने वहीतलं ते पान फाडलं आणि तो आत निघून गेला.

"बाई, मी तुम्हाला त्या दिवशी," डॉक्टर बोलायला लागले.

"माझा चष्मा द्या आधी," बाई म्हणाल्या. "हे तीन फोन परत खोक्यात घालायचेत मला."

डॉक्टर तिथे उभे राहिले आणि तिन्ही खोक्यांच्या वायरी गुंडाळून देत राहिले. मेहुण्याने मध्येच एकदा प्रोसेसरचा विषय काढला, पण भावोजींचा चेहरा पाहून सोडून दिला.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, काहीही न गाळता. तिने ऐकून घेतलं आणि कपाटातून एक डबी काढली. आत चष्मा होता.

"दीड?" डॉक्टरांनी विचारलं.

"दीड. चार महिने झाले करून ठेवलाय."

"न तपासता नंबर कसा काढलास?"

"जेवताना ताट किती लांब सरकवता, त्यावरून. आधी सव्वाचा केला होता. मग ताट आणखी सरकलं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दुकान उघडलं ते फाशीला निघाल्यासारखं. नाकावर चष्मा, नजर खाली. गाव आता थुंकणार, याची त्यांनी रात्रभर तयारी केली होती. शटर अर्धं वर गेलं तोच कुणीतरी त्याखालून वाकून आत आलं. फोनच्या दुकानाचा मॅनेजर होता. टाय हातात, घामाघूम.

डॉक्टरांना वाटलं, भरपाई मागायला आला. "साहेब, कालचं जे काही नुकसान," ते म्हणाले.

"ते सोडा." मॅनेजरने मागे वळून रस्त्यावर कुणी ओळखीचं नाही ना, ते पाहिलं. "काल तुम्ही तो नंबर वाचलात आणि मी पडताळून बरोबर म्हणालो."

"हो. मी तर सगळे आकडे खोटे सांगितले होते."

"मला काय माहीत," मॅनेजर म्हणाला. "मला त्या खोक्यावर आकडे आहेत हेच दिसत नव्हतं. तीन वर्षं असाच पडताळतोय मी. बाईंच्या नावावर आजवर किती पीस लावले, देव जाणे."

तो खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. डॉक्टरांच्या जिभेवर ते चोरीचं वाक्य अगदी तयार होतं. त्यांनी ते गिळलं, उठले, शटर पुन्हा खाली ओढलं आणि हळू आवाजात विचारलं, "किती लांब धरावा लागतो?"