धुऱ्यावरची खानावळ

तोताराम आबाजी उंदराच्या डब्यापाशी जाण्याआधी खाकरतात. घरात सून असली की सासरा स्वयंपाकघराच्या दाराशी खाकरतो ना, अगदी तसं. मग जरा थांबतात, बोटाच्या पेरानं टकटक करतात आणि वाकून आत पाहतात. कोणी हसलं तर म्हणतात, "जेवत्या जिवावर एकदम जाऊ नाई. मंग तो उंदीर असो का तहसीलदार."

यावरून कोणाला वाटेल की हा माणूस उंदीर पाळतो. तसं मुळीच नाही. पिंपळगाव राजाच्या आमच्या शिवारात आबाजींएवढे उंदीर कोणी मारले नसतील. पण मारायच्या आधी ते त्यांना जेवू घालतात, आणि तेही रीतीनं.

या सगळ्याला थोडी मी जबाबदार आहे. मी रंजना. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मीच. बाप दुसऱ्याच्या वावरात सालदार होता, आई तण निंदायला जायची, आणि मी बी.एस्सी. अ‍ॅग्री झाले. हे मी विचारल्याशिवाय सांगते, कारण विचारत कोणी नाही. गावात माझं कृषी सेवा केंद्र आहे. माझी पदवी काचेच्या चौकटीत गणपतीच्या शेजारी लावली आहे. गिऱ्हाईक आधी गणपतीला हात जोडतं आणि हात जोडलेलेच आहेत म्हणून माझ्या पदवीलाही.

आबाजी पहिल्यांदा दुकानात आले ते तणतणतच.

"रंजे, उंदरावर जालीम औषध दे. सारा हरबरा कुरतडून राह्यले वं."

मी त्यांना सरळ सांगितलं की विषाचे दाणे बांधावर उघडे फेकायचे नाहीत. मोर खातो, बकरी खाते, कुत्रं मरतं. पाइपलाइनचे उरलेले तुकडे घ्या, दोन्ही तोंडं उघडी ठेवून बिळाजवळ आडवे ठेवा, तारेनं पक्के करा. आमिष आत, मधोमध. उंदीर आत शिरतो, बाकी कोणी शिरत नाही, पाऊस आला तरी दाणे भिजत नाहीत. आणि एकदम विष ठेवायचं नाही. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. म्हणून आधी काही दिवस ज्वारीचा साधा भरडा, तेलाचं बोट लावून. त्याची भीड चेपली की मग औषध.

आबाजींनी सगळं मान हलवत ऐकलं. "म्हंजे आधी सोयरीक," ते म्हणाले, "मंग कार्य."

"तसंच समजा."

माझी चूक एवढीच की मी 'तसंच समजा' म्हणाले.

आठवड्यात त्यांच्या वावरात पाइपच पाइप झाले. त्याला ते डबा म्हणत नाहीत, खानावळ म्हणतात. पाइपला हात लावण्याआधी दोन्ही हात मातीनं चोळतात, कारण माणसाचा वास आला तर गिऱ्हाईक तुटतं. खानावळीजवळ बिडी ओढायला बंदी. शिळा भरडा फेकून ताजा ठेवतात. "शिळं मी माणसाले वाढत नाई, त्याइले काऊन वाढू?" एकदा तर मी त्यांना साध्या भरड्याची चिमूट स्वतःच्या तोंडात टाकताना पाहिलं.

"आबाजी! हे काय?"

"मीठ पाह्यलं. कमी हाय."

"उंदराला मीठ लागत नाही."

"तुले त्यानं सांगतलं काय?"

ते औषधाच्या दिवशी मात्र गंभीर होतात. हाताला पिशवी बांधतात, लांब दांड्याच्या चमच्यानं औषध आत सरकवतात आणि त्या दिवशी खानावळीवर लाल फडकं लावतात. मेलेला उंदीर दिसला की लगेच खोल पुरतात, घुबडानं उचलू नये म्हणून. "वैर उंदराशी हाय. घुबडानं माह्यं काय खाल्लं?"

रहीमचाचा रोज त्याच वाटेनं बकऱ्या घेऊन जातात. ते वरून ओरडतात, "तोतारामभाऊ, आज क्या पकाया? हमारी भी एक थाली लगा दो!"

"तुले भलती पंगत वाढीन, रह्या. मुकाट्यानं बकऱ्या घेऊन जाय!"

पण मी पाहिलं आहे. लाल फडकं लावलं की आबाजी आधी रहीमचाचांच्या घरी जाऊन सांगून येतात.

एवढं करूनही उंदीर हटेनात. मी एक दिवस वावरात गेले आणि कारण डोळ्यांनी पाहिलं. आबाजींच्या हरबऱ्याला लागून त्यांच्या धाकट्या भावाचा, सुखदेवकाकांचा गहू. मध्ये दोघांचा सामायिक धुरा. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. त्या धुऱ्यावर कमरेएवढं गवत, आणि गवताखाली बिळांची वस्ती. आबाजींच्या खानावळी सगळीकडे होत्या, फक्त तिथं नव्हत्या.

"आबाजी, सगळं गाव इथं राहतं आणि तुम्ही पंगत तिकडं मांडली?"

आबाजी दुसरीकडे पाहायला लागले.

या धुऱ्याची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक आहे. वाटणीनंतर कोणाच्या तरी नांगराचं एक तास, म्हणजे एक ओळ, धुऱ्यात शिरलं. आबाजी म्हणतात सुखदेवचा, सुखदेवकाका म्हणतात दादाचा. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद, आणि दोघांनीही धुऱ्याला हात लावणं बंद. हात लावला तर धुरा आपला म्हटल्यासारखं होईल, नाही लावला तर दुसऱ्याचा म्हटल्यासारखं. म्हणून गवतसुद्धा कोणी कापत नाही. दोन भावांच्या अबोल्यात उंदरांचं राज्य झालं. हरबरा खाऊन कंटाळा आला की ते गहू खातात.

आबाजींची बायको वारली, मुलगी मलकापूरला दिली आहे. ते एकटेच राहतात. सुखदेवकाकांचं घर दोन दारं सोडून. पण वाटेत भेटले तर एक आभाळाकडे पाहतो आणि एक चपलेकडे.

योगायोगानं दोघं एकाच दिवशी माझ्या दुकानात आले. एक युरियाच्या पोत्यापाशी, एक पंपापाशी.

आबाजी म्हणाले, "रंजे, त्याले सांग, धुऱ्यावरचे उंदीर त्याच्या गव्हानंच माजले."

सुखदेवकाका म्हणाले, "त्याले सांगजो बाई, माह्या गव्हाले नावं ठेवू नको म्हना. त्याच्या हरबऱ्यानं माजले."

"त्याले सांग—"

"मी कोणाला काही सांगणार नाही," मी म्हणाले. "मी बी.एस्सी. झाले ती निरोप सांगायला नाही. ऐका दोघंही. उंदराला सातबारा वाचता येत नाही. असंच चाललं तर एकाचा हरबरा जाईल आणि एकाचा गहू, मग धुरा तेवढा राहील. तो चाटत बसा."

मग मीच तोड काढली. धुरा खणायचा नाही, कापायचा नाही, फक्त वरून पाइप ठेवायचे. पाइपचं एक तोंड आबाजींच्या वावराकडे, एक सुखदेवकाकांच्या. दोघांनीही भरडा टाकायचा, मग औषध. दोघांनी औषधाचं एकेक पाकीट नेलं, एकमेकांकडे न पाहता.

मला वाटलं, निभावलं. पण दिवस जात राहिले आणि उंदीर वाढतच राहिले. एक दिवस रहीमचाचा दुकानाच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "बेटी, तेरे चूहे तो पहलवान हो गए. कल एक मेरे कुत्ते को घूर रहा था."

मी धुऱ्यावर गेले. एक पाइप उचलून पाहिला. आत आबाजींकडच्या बाजूनं ज्वारीचा पांढरा भरडा, सुखदेवकाकांकडच्या बाजूनं मक्याचा पिवळा. ताजा, तेल लावलेला, भरपूर. औषधाचा कण नाही. पुढचा पाइपही तसाच. त्याच्या पुढचाही. एवढे दिवस दोघं भाऊ नुसतं जेवू घालत होते.

मी तडक आबाजींकडे गेले. ते चुलीजवळ बसून भरडा परतत होते.

"आबाजी, औषध कुठं आहे?"

"हाय ना. फळीवर."

"फळीवर उंदीर आहेत का? का नाही टाकलं?"

आबाजींनी कढई खाली उतरवली. मग म्हणाले, "मी सकायी टाकतो भरडा. तो संध्याकायी येते टाकाले. मी बोरीखाली बसून पाह्यतो. लंगडून राह्यला वं तो. गुडघा धरला त्याचा. दोन दारं सोडून राह्यते, पन मले कोनी सांगतलं नव्हतं."

"मग?"

"मंग काय? औषध टाकलं त उंदीर सरतीन. उंदीर सरले त तो धुऱ्यावर कायले येईन?"

हे कुठल्याच वर्षाला अभ्यासक्रमात नव्हतं.

मी सुखदेवकाकांना विचारलं, तर त्यांनी डोळे मोठे केले. "मी आधी टाकू? तो मोठा हाय ना बाई. पहिला हात त्याचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोघांना धुऱ्यावर बोलावलं. एक हरबऱ्यात उभा राहिला, एक गव्हात.

आबाजी म्हणाले, "रंजे, त्याले विचार—"

"नाही विचारणार. तोंड आहे ना तुम्हाला?"

तेवढ्यात मधल्या पाइपातून एक उंदीर बाहेर आला. चांगला गरगरीत. त्यानं एकदा हरबऱ्याकडे पाहिलं, एकदा गव्हाकडे, आणि घाई न करता परत आत गेला. आमच्यापैकी कोणाचीही त्याला भीती वाटली नाही.

आबाजींच्या पोटातून हसू फुटलं. "काऊन बे सुखा, काय खाऊ घालत व्हता तू याले?"

"मी? तेल तूच जास्त टाकत व्हता! माह्या वावरापर्यंत वास येत व्हता."

"मंग औषध काऊन नाई टाकलं?"

"तू मोठा हायेस, दादा. तुह्या आधी मी कसा हात लावू?"

आबाजी खाली बसले आणि पाइपची तार आवळायला लागले. ती आधीच घट्ट होती. बराच वेळ आवळत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "गुडघ्याले काय लावतं?"

"लावतो काही तरी. तेल."

"मोहाचं लाव."

त्या दिवशी औषध पडलं. दांड्याचा चमचा एकच होता, तो हरबऱ्यातून गव्हात आणि गव्हातून हरबऱ्यात फिरत राहिला. पुढचे काही दिवस दोघं मिळून मेलेले उंदीर गोळा करून पुरत होते आणि खड्डा किती खोल हवा यावर भांडत होते. बिळं ओस पडली. हरबऱ्याला घाटे धरले, गव्हाच्या ओंब्या उभ्या राहिल्या. माझं काम झालं होतं. तरी मला आबाजींचंच म्हणणं आठवत राहिलं. उंदीर सरले. आता?

मग एका दुपारी सुखदेवकाका दुकानात आले. काही घेईनात. बियाण्याचे फोटो पाहिले, पंप उचलून पाहिला, खाली ठेवला. गिऱ्हाईक गेल्यावर जवळ आले.

"बाई, दादाच्या हरबऱ्यावर अळी-बिळी काई पडते काय?"

"पडते ना. घाटे अळी."

त्यांचा चेहरा उजळला. दुसऱ्याच्या पिकावर अळी पडते हे ऐकून एवढा आनंदलेला माणूस मी पाहिला नव्हता.

"मंग तिच्यासाठी धुऱ्यावर जा लागत असन?"

"जावं लागतं. पक्ष्यांना बसायला वावरात काड्या रोवायच्या. पक्षी बसतात आणि अळ्या वेचतात. रोज जाऊन पाहायचं."

"एकट्यानं होते ते काम?"

काडी एकट्याला सहज रोवता येते. लहान लेकरालाही येते. पण मी माझ्या चौकटीतल्या पदवीकडे पाठ केली आणि ठामपणे म्हणाले,

"नाही काका. एकानं धरायची, दुसऱ्यानं ठोकायची."