रिकाम्या डोक्याची वीस मिनिटं

आत्मपरीक्षणात अख्ख्या मोखाड्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. हे मी स्वतःचं नीट परीक्षण करूनच सांगतोय.

झालं असं, की माझी भाची शलाका मानसशास्त्र शिकते. तिनं सांगितलं, माणूस काहीच करत नसतो तेव्हा मेंदू झोपत नाही. उलट त्याचे काही ठरावीक भाग मिळून कामाला लागतात आणि माणूस स्वतःचा विचार करू लागतो. मी कोण, कसा वागलो, पुढं माझं काय होणार, वगैरे. कचेरीत सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला यापेक्षा आनंदाची बातमी कोणती असणार? मी ठरवलं, रोज अकरा चाळीसपासून वीस मिनिटं काहीच करायचं नाही.

पहिल्याच दिवशी टेबलावर सूर्यमाळकडच्या एका पाड्यासाठी पाण्याच्या टँकरचा प्रस्ताव होता. माझी सही झाली की बाराच्या जीपनं तो मंजुरीसाठी जव्हारला जाणार होता. पुढं तीन दिवस सुट्टी. पाड्यावरची जयवंती तो जाताना स्वतःच्या डोळ्यांनी बघायला सकाळपासून बाकावर बसली होती. सहीला काय, एक मिनिट पुरतं. म्हणून आधी मेंदूला वीस दिली. मोबाइल ड्रॉवरमध्ये टाकला, हात मांडीवर ठेवले आणि भिंतीकडे बघत बसलो.

शिपाई भास्कर चहा घेऊन आला. मी चहाकडे पाहिलंसुद्धा नाही. तो दबक्या पावलांनी परत गेला.

आता मोबाइल आणि चहा दोन्ही सोडून माणूस बसलाय म्हणजे त्याच्या घरात कुणीतरी गेलं, एवढं आमच्या कचेरीत कुणालाही कळतं. आशालताबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. मग बाकीचे आले, बाकावरची जयवंतीसुद्धा. दुखवट्याला बसलं की ज्याचं दुःख त्यानं तोंड उघडेपर्यंत कुणी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. जीपचा ड्रायव्हरही टोपी काढून दोन मिनिटं उभा राहिला आणि हॉर्न न वाजवता निघून गेला.

मला वाटलं, माझ्या शांतीचा प्रभाव पडतोय. त्या वीस मिनिटांत माझं स्वतःबद्दलचं मत फारच चांगलं झालं.

बारा वाजता मी समाधानानं हसलो.

"धक्का बसलाय यांना," आशालताबाई म्हणाल्या. "कोण गेलं हो?"

"जीप गेली," भास्कर खिडकीतून बाहेर बघत म्हणाला.

प्रस्ताव माझ्या कोपराखाली होता, बिनसहीचा. सही ठोकली, भास्करची मोटरसायकल घेतली. जयवंती मागं बसली, प्रस्ताव छातीशी धरून. जव्हारला मोठे साहेब जिन्यातच भेटले. घरी निघाले होते. जिन्यातच त्यांनी मंजुरी दिली. उद्या टँकर.

आदेशाचा कागद मिळेपर्यंत आम्ही बाहेर बाकावर बसलो. मला फार लाज वाटत होती. मी काय करत होतो, ते तिला सगळं सांगून टाकलं.

"आमी रोजच बसतों तशा," ती म्हणाली. "विहिरीत बारीक झरा हाय. हंडा भरायला तीन घंटे लागतात. तवर कायच करायचं नसतं."

तीन तास, तेही रोज. मला तिच्याबद्दल आदरच वाटला.

"मग तेव्हा स्वतःबद्दल काय विचार येतात?" मी विचारलं.

"माझा नाय येत साहेब," ती म्हणाली. "तुमचाच येतो. हा मानूस सही कवा करल."

शलाकाला हे मी अजून कळवलेलं नाही.