यासीनचाचांचे पॉइंट

यासीनचाचा माणसाला धरून वळवत. पुरुष असेल तर दोन्ही खांद्यांना धरून. बाई असेल तर तिला हात न लावता तिच्या हातातली पिशवी धरून. माझी त्यांची ओळख अशी पिशवीवरूनच झाली.

मी माजरीच्या खाण वसाहतीतल्या शाळेत शिकवायला होते. संध्याकाळी बाजारातून मेथी घेऊन घरी निघाले होते, तेवढ्यात समोरून पांढरी दाढी, डोक्यावर विणलेली टोपी आणि अंगात इस्त्रीचा पांढरा कोट घातलेले एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांनी पिशवीचा बंद धरला आणि मला हळूच पश्चिमेकडे फिरवलं.

"असं नाई, असं," ते म्हणाले. "आता नजर सोडा."

समोर वसाहतीची पाण्याची टाकी होती. तिच्या चार खांबांच्या मधोमध सूर्य येऊन टेकला होता. कोळशाच्या धुळीनं आभाळ नुसतं तांबडं झालं होतं. मी त्या टाकीखालून रोज जात होते आणि वर पाहायचं मला कधी सुचलं नव्हतं.

"बरोबर शिजली आज," ते समाधानानं म्हणाले. "काल जरा कच्ची उतरली होती."

सांज शिजली, असं त्यांना म्हणायचं होतं.

मग कळलं की हे आमच्या शेजारच्या क्वार्टरमधल्या रफीकचे वडील. रफीक खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. चाचा भामरागडच्या सरकारी डाकबंगल्यात खानसामा होते. सगळी नोकरी तिथंच झाली. बंगल्याच्या मागे टेकडीचा कडा आहे, आणि त्या कड्याखाली इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या एकमेकींना मिळतात. येणाऱ्या साहेबाला आधी चहा द्यायचा आणि मग कड्यावर नेऊन नीट उभं करायचं, हे चाचांचं काम. म्हणजे चहा देणं हे काम होतं. उभं करणं त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. चाची वारल्या, चाचा रिटायर झाले, आणि रफीक त्यांना माजरीला घेऊन आला.

माजरीत नदी नाही, जंगल नाही. वर्धा नदी आहे, पण ती लांब, खाणीपलीकडे. इथं दिसायचा तो कोळसा, रेल्वेची सायडिंग, आणि खाणीतून काढलेल्या मातीचे ढीग. रफीकनं वडिलांसाठी व्हरांड्यात वेताची खुर्ची टाकली, नवा टीव्ही घेतला. सूनबाई शबाना मोठी प्रेमळ. ती त्यांना स्वयंपाकघराच्या दाराशीसुद्धा येऊ देत नसे. "अब्बा, जिंदगीभर लोकांले खाऊ घातलं, आता बसून राहा."

आता, बसून राहणं काही चाचांना येत नव्हतं. त्यांनी पहिल्या महिन्यातच वसाहतीत पॉइंट काढले. महाबळेश्वरला असतात तसे. पाण्याची टाकी हा टाकी पॉइंट. सायडिंगवर दिवे लागले की मालगाडीच्या वाघिणींची रांग काळ्या पाण्यासारखी चमकते, तो सायडिंग पॉइंट. दवाखान्याच्या खिडकीतून दिसणारा गुलमोहर हा दवाखाना पॉइंट. हा शेवटचा त्यांना ब्लडप्रेशर तपासताना सापडला. डॉक्टर पट्टा फुगवत होते आणि चाचांनी मोकळ्या हातानं डॉक्टरांचाच खांदा खिडकीकडे वळवला. पारा किती चढला हे डॉक्टर विसरले. पुन्हा पट्टा बांधावा लागला.

सगळ्या गोष्टींना त्यांच्याजवळ स्वयंपाकातले शब्द होते. धुकं म्हणजे वाफ धरली. ढगाळ दिवस म्हणजे झाकण पडलं. उन्हाळ्यात दुपारी आमच्याकडे रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, तेव्हा चाचा व्हरांड्यात उभे राहून म्हणत, "आज लागलं बुडाले."

लोक हसायचे. पहिल्या पाळीला निघालेल्या कामगाराला कोणी खांदे धरून वळवलं तर तो काय करणार? "चाचा, हजेरी जाते ना जी," म्हणत तो सुटका करून घ्यायचा. "घाई काऊन?" असं चाचा त्याच्या पाठीला विचारायचे. एका लग्नात तर त्यांनी बोहल्यावर चढायला निघालेल्या नवरदेवाला चंद्राकडे वळवलं होतं. नवरदेव बिचारा घाबरून बराच वेळ तसाच उभा होता. त्याला वाटलं, हाही एखादा विधी असेल.

दोन माणसं मात्र त्यांना वश झाली. एक माझ्या सासूबाई. सासरे गेल्यावर त्या गाव सोडून आमच्याकडे आल्या होत्या. गुडघे दुखायचे, करमायचं नाही, आणि दिवसभर तांदूळ निवडत मान खाली घालून बसायच्या. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायच्या. दुसरे वानखडेकाका. ते जमिनीखालच्या खाणीत ओव्हरमन, म्हणजे पाळीवरचे मुकादम होते. उभं आयुष्य अंधारात गेलं, आणि आता दम्यामुळे घरात पडून असायचे. कोणाशी बोलत नसत. चाचांनी या दोघांना रोज संध्याकाळी बाहेर काढायला सुरुवात केली. पुढे चाचा, मागे काठी टेकत सासूबाई, आणि त्यांच्या मागे दर दहा पावलांवर थांबणारे वानखडेकाका. शबाना हसून म्हणायची, "निघाली पाहा अब्बाची गाडी."

घोटाळा झाला तो डोंगर पॉइंटमुळे. वसाहतीच्या टोकाला मातीचा एक जुना ढीग होता. त्यावर बाभळी उगवून तो चांगला टेकडीसारखा दिसायला लागला होता. चाचा एकटेच वर जाऊन आले आणि त्यांना तिथून वर्धा नदीचं वळण दिसलं. मग त्यांना दम निघेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी सासूबाईंना आणि वानखडेकाकांना वर चढवलं. कसं चढवलं ते देव जाणे. उतरायची वेळ आली तेव्हा सासूबाईंचे गुडघे धरले आणि काकांना धाप लागली. तिघं जण वर अडकले. तिकडे जायला मनाई होती. पहारेकरी शिट्टी फुंकत आला. वर जाऊन त्यानं पाहिलं तर तीन म्हातारी माणसं ओळीनं बसलेली. चाचांनी त्याला खांद्याला धरलं आणि नदीकडे वळवलं.

तो वळला, हे त्यानं नंतर मला स्वतः सांगितलं. "पाहिलं मी, मॅडम. चांगलंच होतं. पण मले रिपोर्ट तं द्या लागते ना."

शेवटी वर्कशॉपमधली चार पोरं येऊन सासूबाईंना खुर्चीत बसवून खाली घेऊन आली. वसाहत पाहायला जमली. सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या आणि त्यांना मजा वाटत होती, हे मला दिसत होतं. पण रफीकला साहेबांनी बोलावून घेतलं, आणि काकांच्या सुनेनंही त्याला चार शब्द ऐकवले. रफीक स्वभावानं गरीब. वडिलांसमोर त्यानं कधी आवाज चढवला नव्हता. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला.

"अब्बा, हे भामरागड नोहे. इथी कोणाले काई पाहाचं नाई. लोकं हसून राह्यले आपल्यावर."

मग व्हरांड्यातली वेताची खुर्ची करकरली.

दुसऱ्या दिवसापासून ते वेताच्या खुर्चीत बसून राहू लागले. पांढरा कोट खुंटीला लागला. मी येता जाता विचारायची, "चाचा, आज कशी शिजली?" ते म्हणायचे, "पाहिलं नाई, मास्तरीणबाई." शबानानं मुद्दाम त्यांना स्वयंपाकघरात बोलावलं, शिरखुर्मा करायला सांगितला. त्यांनी केला, चांगलाच केला, आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. रफीक तर पार कानकोंडा झाला. माफी मागायची त्याला सवय नव्हती.

सासूबाईंनी काही दिवस हे पाहिलं. मग एका सकाळी तांदळाचं ताट बाजूला सारलं, काठी घेतली आणि शेजारी गेल्या. मी मागोमाग गेले.

"यासीनभाऊ," त्या म्हणाल्या, "थ्या तीन नद्या मले दाखवता का तशीच मरू?"

"लय दूर हाये, बाई. दिवस जाते."

"दिवसाचं काय लोणचं घालाचं हाये का मले?"

चाचांनी वर पाहिलं. पुष्कळ दिवसांनी त्यांच्या दाढीत हसू दिसलं.

डिसेंबरात, रस्ते वाळल्यावर, आम्ही भाड्यानं एक ट्रॅक्स गाडी ठरवली. चाचा, सासूबाई, वानखडेकाका आणि सोबतीला मी. काकांच्या सुनेला तयार करायला मला तीन खेपा घालाव्या लागल्या. निघायच्या सकाळी रफीकनं मला बाजूला घेतलं. "मॅडम," तो म्हणाला, "अब्बा तिथीच राहतो म्हनले तं?" त्यानं गाडीकडे एकदा पाहिलं. "तं जबरदस्ती नोका करू," असं म्हणून त्यानंच चाचांची पेटी गाडीत ठेवली. एका मुक्कामासाठी ती पेटी जरा मोठीच होती.

बल्लारपूर सोडलं आणि पुढे जंगल लागलं. आलापल्लीपासून तर दोन्ही बाजूंनी सागवान, मध्ये रस्ता, आणि चाचांची बडबड. प्रत्येक नाल्याला त्यांची ओळख होती. हा नाला तापट, हा नाला लबाड. एका नाल्यानं म्हणे एका साहेबांची जीप रात्रभर अडकवून ठेवली आणि सकाळी आपणहून सोडली. सासूबाई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. गुडघ्यांचा त्यांनी दिवसभर उल्लेख केला नाही.

डाकबंगल्यावर पोचेपर्यंत दुपार कलली होती. नवा खानसामा तरुण होता. तिथल्याच माडिया आदिवासी घरातला होता आणि चाचांच्या हाताखाली भाजी चिरण्यापासून शिकला होता. चाचा दिसताच त्यानं हातातलं भांडं खाली ठेवलं आणि पाया पडला. चाचांनी आधी त्याच्या स्वयंपाकघराचा वास घेतला, मान डोलावली, आणि मगच पेटी उघडली. पेटीत इस्त्रीचा पांढरा कोट होता, आणि उरलेल्या जागेत आमच्यासाठी शबानानं दिलेल्या चार गोधड्या. मी रफीकसाठी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला.

चाचांनी कोट घातला, आधी चहा दिला, आणि मग आम्हाला कड्यावर नेलं. आमच्या तीन खुर्च्या त्यांनी स्वतः मांडल्या. सासूबाईंची जरा डावीकडे, कारण त्यांना त्या डोळ्यानं नीट दिसायचं. काकांची वाऱ्याच्या आडोशाला. "घाई नाई," ते म्हणाले. "नजर सोडा."

खाली तीन नद्या होत्या. एक उजवीकडून जंगल कापत येत होती, एक डावीकडून वाळूतून सावकाश, आणि तिसरी पलीकडच्या झाडीतून एकदम समोर निघत होती. मिळाल्यावर थोडं अंतर तिन्हींचे रंग वेगळे दिसत होते आणि मग दिसेनासे होत होते. एक डोंगी मधोमध चालली होती. ऊन उतरलं तशी सगळ्या पाण्यावर केशरी साय धरली. सासूबाई लहान मुलीसारख्या हसायला लागल्या. त्यांना कशाचं हसू येत होतं ते त्यांनाही सांगता येईना. वानखडेकाका पुढे झुकले होते. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

मी चाचांकडे पाहिलं. ते कठड्यावर बसले होते, नदीकडे पाठ करून. आमच्याकडे तोंड करून.

"चाचा, तुम्ही पाहत नाही?"

"पाहूनच राह्यलो ना."

ते काकांचा चेहरा पाहत होते. सासूबाईंचा पाहत होते. दुधाला उकळी फुटायच्या वेळी माणूस जसा भांड्याकडे पाहतो, तसं.

"नेहमी असेच बसायचे का इथं?"

"हो. साहेब लोक तिकडं पाहे, मी साहेबाकडं पाहो. मोठे मोठे कडक लोक, मास्तरीणबाई. इथी आले का लेकरावानी होऊन जाये." ते कठड्यावर जरा सरकून बसले. "पावसात रस्ता बंद होये. महिना-महिना कोणी नाई. तुमची चाची होती तवा तिले आणून बसवो. ती गेल्यावर पावसात मी इकडं येतच नव्हतो. एकट्यानं पाहिलं तं नुसतं पाणीच दिसते."

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं आणि काकांच्या खांद्यावर शाल सारखी केली.

सकाळी तरुण खानसाम्यानं त्यांना फार आग्रह केला. चार दिवस राहा, नंतर एसटीनं जा. चाचा म्हणाले, "नाई बाबा. संध्याकाळी मले तिकडं लोकं बाहेर काढा लागते." आणि सर्वांत आधी ट्रॅक्समध्ये जाऊन बसले.

माजरीला पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. रफीक रस्त्यावरच उभा होता. किती वेळचा उभा होता, कोण जाणे. चाचा उतरले तसा तो पुढे झाला आणि त्यांची पेटीच हातात घेऊन उभा राहिला.

"कसं होतं, अब्बा?"

"एकदम मस्त," चाचा म्हणाले. "बाई लय हसल्या. वानखडे रडले. मास्तरीणबाईचं तोंड तं उघडंच राह्यलं."

रफीकनं गोंधळून माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा वडिलांकडे.

"आणि नदी?"

"नदी?" चाचा जरा आठवल्यासारखं करत म्हणाले. "होती ना. तिथीच होती." आणि मुलाचा चेहरा नीट दिसावा म्हणून त्यांनी त्याला खांद्यांना धरून रस्त्यावरच्या दिव्याकडे वळवलं.